बोली न लावलेला माल

नाना गेल्यावर त्यांच्यावर लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहायला बसलं की आधी त्यांचा आवाज आठवायचा, आणि त्याच्या मागोमाग मी एकदा बोललेलं एक वाक्य. ते गाळलं तर नानांचं चित्र पुरं होत नाही, घातलं तर माझंही चित्र त्यात येतं. पण परवा एका लग्नात नात्यातल्या बायका नानांच्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हिनंच म्हाताऱ्यापासून लेकरू तोडलं व्हतं." स्वाती खाली मान घालून वाढत राहिली. मी त्याच पंक्तीत बसलो होतो. आता लिहायलाच हवं.

नाना माझे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर अजिंठ्याच्या अलीकडच्या एका गावचं. नाना फळबाजारात मोसंबीची हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारायचे. ढीग ओट्यावर आला की त्यांचा आवाज असा उठायचा की रस्त्यावरचा रिक्षावाला मान वळवून बघायचा. मी पाटबंधारे खात्यात कारकून. शिक्षण माझं जास्त, नोकरी माझी पक्की, पण मी सासरी पाऊल टाकलं की सासूबाई विचारायच्या, "नाना कवा येणार?"

धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयांची ताटं शेजारी शेजारी मांडली जात. मी वाढलेलं निमूट खायचो. नाना स्वयंपाकघरापर्यंत जाईल असं ओरडायचे, "मामी, ह्या धोंड्यात पुरण हाय का नुसतीच कणीक? हर्राशीत कोणी हात लावणार नाय बगा." बायका हसून लोटपोट. सासूबाई तूप घेऊन यायच्या आणि तुपाची धार त्यांच्या ताटावर जरा जास्त वेळ थांबायची. मी ती धार बघत बसायचो.

काम सुटल्यावर नाना पडेगावला मुलाकडे राहू लागले. नात झाली, चिऊ. तिला खांद्यावर घेऊन गच्चीवरून रस्त्यावरच्या गाड्या दाखवायच्या आणि हर्राशीच्या सुरात गाड्यांची किंमत पुकारायची, हा त्यांचा उद्योग. मग एकाएकी ते गच्चीवर जायचे बंद झाले. चिऊ जवळ आली की हात मागे बांधून उभे राहू लागले.

काही दिवसांनी ते बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, घेऊन माझ्याकडे आले. आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "साडूभाऊ, चिऊला घेऊन गच्चीवर उभा व्हतो. मनात आलं, हिला खाली टाकलं तर? आता सुरी दिसली तरी येतंय. लई वंगाळ इचार येतेत."

डॉक्टरकडे ते जाऊनही आले होते. हा भीतीचा आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं. असा विचार आला म्हणून ज्याचा थरकाप होतो, त्याला मुळात ते करायचंच नसतं. रोज एक गोळी. सुरुवातीला घाबरं जास्त वाटेल, गुण यायला काही आठवडे लागतील, त्रास वाढला तर लगेच या, पण मनानं सोडू नका.

मला हायसं वाटायला हवं होतं. कारण असले विचार मला तरुणपणापासून येत. विहिरीवर बायको वाकली की यायचे, नातवाला आंघोळ घालताना यायचे. जगात असा राक्षस मी एकटाच, असं समजून मी ते पोटात दाबून ठेवले होते. आणि हा माणूस चहा पिता पिता ते सांगून मोकळा होत होता, मेहुणी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला नानांच्या आजाराचासुद्धा हेवा वाटला.

नानांचे पहिले आठवडे वाईट गेले. घास गिळवत नसे, पहाटेच जाग यायची. पण गोळी सोडली नाही. विचाराशी वाद घालू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. नानांनी त्याचं बाजाराच्या भाषेत करून टाकलं. "इचार म्हंजे ओट्यावर आलेला माल. येऊ द्या की. आपण बोली लावायची नाय. गिऱ्हाईकच नसंल तर मालवाला किती येळ बसंल?"

एका दुपारी मी गेलो तर नाना अंगणात चिऊला मांडीवर घेऊन बसलेले. आवाज परत वर चढलेला. मी स्वयंपाकघरात गेलो. स्वाती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "त्या गोळ्या कशाच्या आहेत, ठाऊक आहे ना? पोरीला त्यांच्याजवळ एकटी सोडू नकोस. आणि माझं नाव काढू नकोस."

नानांपासून चिऊला धोका नाही, हे मला त्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मी आयुष्यभर तेच विचार घेऊन जगलो होतो आणि कुणाला बोटही लावलं नव्हतं.

स्वाती भ्यायली. चार दिवसांत चिऊला घेऊन माहेरी गेली. कारण विचारलं तर भीती वाटते एवढंच म्हणाली. माझं नाव तिनं आजवर घेतलेलं नाही. नाना एवढंच म्हणाले, "आई हाय ती. भ्यायली तर बरोबरच हाय." शेवटी डॉक्टरांनीच मुलाला आणि तिला बोलावून समजावलं, तेव्हा ती परतली. जाताना रांगणारी चिऊ येताना धावत आली. नानांना तिनं ओळखलं नाही. पुढे ओळख झाली, गच्चीही सुरू झाली. पण तिचं पहिलं पाऊल नानांनी पाहिलं नाही ते नाहीच.

पुढच्या उन्हाळ्यात नाना माझ्या घरी आंबे खात बसले होते. नातू जवळ आला तशी मी सुरी घाईनं बायकोकडे सरकवली. नाना बघत होते. सगळे उठल्यावर हळूच म्हणाले, "तुमच्या बी ओट्यावर माल येतोय व्हय?"

मी रडलो. तेच मला डॉक्टरकडे घेऊन गेले, बाहेर बाकड्यावर बसून राहिले. सुरुवातीच्या दिवसांत छाती धडधडायची, गोळी टाकून द्यावीशी वाटायची. नाना पडेगावहून रोज सकाळी यायचे. "घेतली का?" विचारायचे, माझ्याबरोबर चहा प्यायचे, जायचे. त्या विचारांना मी आज घाबरत नाही, ते नानांमुळे.

काही वर्षांनी त्यांचं हृदय थकलं, त्या हिवाळ्यात मी ठरवून गेलो. नाना अंगणात उन्हाला खाटेवर पडलेले, शेजारी चिऊ मोसंबी सोलत होती.

"नाना, एक सांगायचं होतं."

"आधी हे सांगा, गोळी घेतली का?" तो आवाज आता खाटेच्या पलीकडेही जात नव्हता.

"घेतली."

"मग बसा निवांत. चिऊ, आजोबाला फोड दे."

चिऊनं बी काढून फोड माझ्या हातावर ठेवली. नाना माझ्याकडे बघत वाट पाहत होते. चिऊला तुमच्यापासून स्वातीनं नाही, मी तोडलं, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. ते मी त्या फोडीबरोबर गिळलं.