शहा, क्षत्रप आणि धसईचा दादा

दादा गेल्याचा फोन मी बँकेच्या काउंटरवर घेतला. धसईहून शेजारचा काशिनाथ बोलत होता. “भाऊ, दादा गेले. आबांना चहा पाजला नि तिथंच बसले, ते उठलेच नाय...” आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? “आबांजवळ आता कोण आहे?” सख्खा थोरला भाऊ गेला होता आणि मला घोर लागला होता अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचा, खरं सांगायचं तर, माझाच. पाच आठवडे झाले, त्या प्रश्नाची लाज काही जात नाही.

दादा, आबांचा वसंता, मुरबाडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. लग्न केलं नाही. त्याला नाद एकच, फारसी पदव्यांचा. इराणातून निघालेला एखादा किताब युरोपात कुठल्या वेषात पोचला, याची टिपणं तो जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवायचा. ‘क्षत्रप’ म्हणजे मुळात राज्याचा राखणदार. ग्रीकांनी तो उचलला आणि त्यांच्याकडून तो साऱ्या युरोपात गेला. वर्तमानपत्रांनी एखाद्या पुढाऱ्याला क्षत्रप म्हटलं की दादा चिडायचा. “राखणदार रे तो! मालक समजतात स्वतःला.” ‘शहा’ तर त्याचा खास लाडका. बुद्धिबळाच्या पटावरून तो अरबांकडे गेला, फ्रेंचांकडे गेला, इंग्रजांकडे त्याचा ‘चेक’ झाला आणि त्यातूनच पुढे बँकेतला चेक निघाला. “म्हणजे तू दिवसभर इराणच्या बादशहाला शिक्के मारतोस,” असं म्हणून तो मला हसायचा. पोरं मधल्या सुट्टीत बुद्धिबळ खेळताना ‘राजा मेला’ म्हणून ओरडली, तर हा वर्गात शिरून समजावणार... मात म्हणजे मरण नाही, मात म्हणजे हतबल होणं. राजा जिवंतच असतो, फक्त त्याला हलता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आबांना अर्धांगवायू झाला आणि दादाचंही हलणं संपलं. शाळा सुटली की धसईची एसटी. चुकली तर आबा ओले पडून राहायचे, म्हणून तो कुणाशी दोन शब्द बोलायलाही थांबेना. त्यातच पुण्याहून पत्र आलं. एका कोशाच्या कामाला दोन वर्षांसाठी त्याला बोलावलं होतं. त्याची टिपणं तिथे छापली जाणार होती. दादा पत्र घेऊन कल्याणला माझ्याकडे आला. इतका टवटवीत मी त्याला त्याआधी पाहिला नव्हता, नंतर तर नाहीच. म्हणाला, “दोनच वर्षं आबांना ठेवशील?” मी आमच्या दोन खोल्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” दादा वाद घालणाऱ्यातला नव्हता. चहा पिऊन तो लगेच निघाला. पुढच्या वर्षी त्याने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही... मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही इथे लिहून टाकतो.

आता रजा काढून धसईलाच आहे. आबांना उठवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं. दुपारपर्यंत माझी कंबर धरते आणि भिंती अंगावर येतात. दादाने हे वर्षानुवर्षं कसं निभावलं असेल? गेल्या आठवड्यात डबे उघडून बसलो होतो. शेवटच्या डब्यातली टिपणं अर्धवट होती, काहींवर नुसताच शब्द आणि खाली कोरं. आबा माझ्याकडे पाहत होते.

“वसंताला मी सांगितलेलं, जा पुण्याला,” ते म्हणाले. “मला सुरेशकडं टाक म्हटलं.”

मी टिपणं परत डब्यात रचू लागलो.

“तू तयार हुतास ना. खाट बी आणून ठेवलेलीस म्हणं माझ्यासाठी. वसंता बोलला मला. त्याचाच पाय निघंना, नायतर मी तवाच आलो असतो... हाय का रे अजून ती खाट?”

दादाने मला असं झाकून घेतलं होतं, आणि इतकी वर्षं आबा मला चांगला समजत होते.

“हाय, आबा,” मी म्हणालो.

शनिवारी काशिनाथला त्यांच्यापाशी बसवून कल्याणला गेलो आणि खाट विकत घेतली. बाहेरच्या खोलीत ती लावून पाहिली. आता आमचं दार पुरतं उघडत नाही.