टाकीचा दुसरा पाइप

माझा दादा बहिरा आहे हे त्याला आजही मान्य नाही. तीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या मशीनशेजारी उभं राहिल्यावर माणसाच्या कानांचं जे होतं, तेच त्याचं झालं. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत. दाराची बेल, फोन, कुकरची शिटी, सगळं त्याच्या लेखी नव्हतंच. कुणी टोकलं तर म्हणायचा, तुम्ही पुटपुटता. वहिनी मला सांगायची, मी आयुष्यभर याला बोलले त्यातलं निम्मं पोचलंच नाही, म्हणून तर संसार टिकला.

कारखान्यात तो मशीन हातानेच ऐकायचा. तळवा टेकवला की कुठलं बेअरिंग जाणार हे सांगायचा. साहेब लोक मीटर घेऊन यायचे आणि तोंड पाडून परत जायचे. थरथर म्हणजे बिघाड, एवढंच त्याचं गणित. ते कधी चुकलं नव्हतं, आणि दादाला याचा गर्वही होता.

वहिनीची फुप्फुसं कामातून गेली होती. दोन वर्षं ती खाटेवर, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. एक ऑफिस बंद होत होतं, तिथे मी वायरिंग काढायला गेलो होतो. तिथली माशांची मोठी टाकी मी तिच्यासाठी आणली आणि तिच्या खोलीत बसवली. पंपासाठी आणि ऑक्सिजनच्या मशीनसाठी एकच एक्स्टेन्शन बोर्ड ओढला आणि टाकीच्या मागे जमिनीवर ठेवून दिला. मी इलेक्ट्रिशियन आहे. बोर्ड जमिनीवर ठेवू नका, हे मी लोकांना दारोदार सांगत फिरतो.

टाकी सुंदर होती, पण आवाज करायची. वरचं जास्तीचं पाणी पाइपाने खाली ठेवलेल्या छोट्या टाकीत उतरायचं, तिथून पंप ते परत वर चढवायचा. उतरताना पाण्याबरोबर हवा ओढली जायची आणि पाइप घळघळ घळघळ करत राहायचा. उशाशी बसून कुणी दिवसभर गुळण्या कराव्यात तसं. वहिनीची झोप उडाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झोप मिळाली नाही तर या फार दिवस काढणार नाहीत. टाकी काढून टाकतो म्हटलं तर ती रडायला लागली. त्या खोलीत हलणारं असं तेवढंच होतं.

मग दादाने ते काम अंगावर घेतलं. मासेवाल्याने त्याला उपाय सांगितला: पाइपावर व्हॉल्व्ह बसवा, थोडा थोडा आवळा, पाइप पाण्याने भरून वाहायला लागला की हवा शिरणार नाही आणि आवाज बंद. पण शेजारी दुसरा पाइप लावा, त्याचं तोंड जरा वर. पहिला तुंबला तर पाणी त्यातून जाईल. तो काही झालं तरी बुजवू नका.

चार दिवस दादा त्या टाकीपाशी होता. एक हात पाइपावर, दुसरा व्हॉल्व्हवर, नजर वहिनीवर. ती मान हलवायची, नाही. तो केसभर फिरवायचा. पुन्हा नाही. चौथ्या दिवशी तिने हात वर केला आणि डोळे मिटले. त्या दुपारी ती सलग तीन तास झोपली. दादा स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडला, मी पाहिलं.

तिथेच थांबायचं होतं. पण दुसऱ्या पाइपातून पाण्याची एक बारीक धार उतरत होती. वहिनीला ती ऐकूही येत नव्हती. दादाच्या तळव्याला मात्र लागत होती. दोन दिवस तो अस्वस्थ होता. मग त्याने रबराचं बूच कापलं आणि त्या पाइपात ठोकून बसवलं. मी म्हटलं, मासेवाला नको म्हणाला होता ना.

"मासे विकणाऱ्याला मशीन काय कळतं?" दादा म्हणाला.

मी हसलो. थोरला भाऊ, त्यात इतक्या दिवसांनी खुशीत होता. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला कधीच माफ करणार नाही.

आठवड्याने, भर दुपारी, टाकीतल्या झाडाचं एक पान पहिल्या पाइपाच्या तोंडाशी अडकलं. पंप पाणी वर चढवत राहिला. पाणी मागच्या काठावरून उतरलं ते थेट माझ्या बोर्डावर. खोलीतली वीज गेली, ऑक्सिजनचं मशीन थांबलं आणि बारीक आवाजात ओरडायला लागलं. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, तिथला पंखा फिरतच होता. दादा भाजी निवडत बसला होता. वहिनीची झोप मोडू नये म्हणून खोलीचं दार त्यानेच ओढून घेतलं होतं.

तास-दीड तासाने तो तिला उठवायला गेला.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. मशीनचं ओरडणं त्यांनी ऐकलं होतं. भिंतीवर ठोकल्याचंही ऐकलं होतं, बराच वेळ. पण दादाची अधूनमधून ठोकाठोक चालूच असायची, त्यांना वाटलं टाकीचंच काम चाललंय. त्या पदराने तोंड दाबून रडत होत्या. मी एवढंच म्हटलं, हे दादाच्या कानावर जाता कामा नये.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं तिची खोली आवरत होतो. दादा चादरीच्या घड्या घालत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तिने हाक मारली असेल का रे?"

"नाही," मी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "झोपेतच गेली. काही कळलं नाही तिला."

त्याने मान डोलावली. चादर कपाटात ठेवली, दुसरी घेतली.

"तिचे हात मीच पुसले," तो म्हणाला. "उजव्या हाताची बोटं सोलली होती."