चौथं जॉब कार्ड

मंडळी, आधीच सांगतो, भूत-पिशाच्च, बाहेरचं, लागीर असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही छातीठोकपणे 'आहे' म्हणवत नाही. मी मेकॅनिक माणूस. कोणी गाडीला लिंबू-मिरची बांधून वर्कशॉपमध्ये आलं की मी म्हणायचो, "आधी ऑइल बघा, मग लिंबू बांधा." आमची माणसं माझ्या पाठीमागे मला हेडमास्तर म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. नगरला एका जीप कंपनीच्या डीलरकडे मी फोरमन होतो. कंपनीचं नाव घेत नाही, घेण्यात आता काही अर्थही नाही. तेव्हा त्यांची नवी डिझेल जीप आली होती, पॉवर ब्रेकवाली. पॉवर ब्रेक म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनवर एक पंप असतो, तो हवा ओढतो. ती ओढ एका जाड रबरी पाइपातून ब्रेकपर्यंत येते आणि तिच्या जोरावर पाय नुसता टेकवला तरी ब्रेक लागतो. इंजिन बंद केलं की ओढ संपली. मग पेडल दगड होतं, माणूस वर उभा राहिला तरी हलत नाही.

आणि आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांची सवय तर तुम्हाला माहीत आहे... उतार लागला की इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, तेवढंच डिझेल वाचलं. जुन्या गाड्यांना ते खपून जायचं, या गाडीला नाही. जीप विकताना आम्ही घसा कोरडा करून सांगायचो. लोक मान डोलवायचे आणि करंजी घाट लागला की चावी फिरवायचे.

रंगनाथ साळवे शेवगावचा. स्वतःची जीप, स्वतःच ड्रायव्हर, शेवगाव-नगर काळीपिवळी चालवायचा. चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस. सकाळी पॅसेंजर घेऊन नगरला यायचा आणि दहाच्या सुमाराला परत निघायचा. त्याची पहिली तक्रार आली ती अशी – "घाट उतरताना ब्रेक दगड व्हतो. दरवेळी न्हाई. कधीमधी. मग खाली करंजीत चहाला थांबलो, की परत चांगला."

मी त्याच्याकडे बघून हसलो. "रंगनाथ, इंजिन बंद करतोस ना?"

"न्हाई करत, फोरमनसाहेब. तुमी सांगितल्यापासून एकदा पन केलं न्हाई."

"सगळे असंच म्हणतात."

आमच्याकडे रीत अशी होती, की आलेली गाडी लाइनीत लागायची. नंबर यायला दोन-तीन तास. मग मी ट्रायल घ्यायचो, स्टेशन रोडनं सरळ जाऊन परत. सपाट रस्ता आणि तोवर गार पडलेलं इंजिन. ब्रेक लोण्यासारखा लागला. पाइप बाहेरून बघितला, कुठे चीर नाही. जॉब कार्डवर लिहिलं – 'दोष आढळला नाही.' महिन्याभरानं तो परत आला, तीच तक्रार. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "साहेब, तुमी माझ्यासंगं घाटात चला. एक डाव. परत आणून सोडतो." मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "अरे, नाचता येईना अंगण वाकडं. ब्रेकला कशाला नावं ठेवतोस?" माणसं हसली. रंगनाथ माठातलं पाणी प्याला आणि गेला. तिसऱ्या कार्डावरही मी तेच तीन शब्द लिहिले.

त्यानंतर तीन आठवडे गेले असतील. मे महिना होता, मंगळवार. दुपारी एकला जेवणाची सुट्टी व्हायची. माणसं मागे लिंबाखाली बसायची, वॉचमन गेट लावून घ्यायचा आणि मी ऑफिसात एकटाच डबा खायचो. अर्धी भाकरी झाली असेल, मान वर केली तर टेबलापलीकडे रंगनाथ उभा. खाकी शर्ट, वरचं बटण तुटलेलं. मला राग आला, सुट्टीत गिऱ्हाईक आत सोडायचं नाही असा नियम होता.

"ये, बस. भाकरी खा," मी म्हणालो. म्हणायचं म्हणून.

"न्हाई. लिहून घ्या."

कस्टमरची तक्रार कस्टमरच्याच शब्दांत लिहायची, हाही आमचा नियम. मी डाव्या हातानं नवं कार्ड ओढलं, भिंतीवरच्या घड्याळाच्या मशीनमध्ये घालून वेळेचा शिक्का मारला. तेरा दहा.

"बोल. परत तेच?"

"बरेकचा पाइप बघा. वरून न्हाई, आतून. आतलं अस्तर सुटलंय. गाडी लई तापली की ते मऊ पडतं अन् भोक बंद करतं. गार झालं की परत जागेवर. म्हनून तुमाला घावत न्हाई."

मी लिहीत होतो. लिहिता लिहिता विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"दिसलं मला."

"पाइपाच्या आतलं?"

"व्हय. गरम असतानाच कापा, साहेब. गार झाल्यावर नगा कापू."

"गाडी कुठे आहे?"

"घाटात हाय."

मला वाटलं, बंद पडली असेल, बसनं आला असेल. मी शेवटची ओळ लिहिली आणि सहीसाठी कार्ड फिरवून पुढे केलं, तर समोर कोणी नव्हतं. गेटवर जाऊन वॉचमनला झापलं – सुट्टीत माणूस आत कसा सोडलास? तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, एकला कुलूप घातलंय, किल्ली माझ्या खिशात हाय. कोन आलं?"

चारच्या सुमाराला पाथर्डीकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं बातमी आणली. करंजी घाटात जीप गेली, शेवगावच्या साळव्याची. उतारावर ब्रेक लागला नाही. अकरा पॅसेंजर होते. रंगनाथनं दरीकडे जाणारी गाडी डोंगराच्या अंगावर घातली, म्हणून दहा जण वाचले. पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ गेले आणि तो गेला.

"कधी?" मी विचारलं.

"अकरा वाजता. सकाळी."

मी म्हणालो, शक्य नाही. दोनदा म्हणालो. मग स्कूटर काढून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे काय बघितलं, ते लिहीत नाही. खाकी शर्ट होता आणि वरचं बटण नव्हतं. एवढंच सांगतो.

खरा छळ पुढे सुरू झाला. जीपची चावी बंद सापडली. ती अपघातानंतर एका पॅसेंजरनं डिझेलच्या वासाला भिऊन फिरवली होती, पण तेव्हा कोण विचारतो? सगळ्यांचं ठरलं, डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं आणि दोन जीव घेतले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांची माणसं शेवगावला रंगनाथच्या दारात जाऊन त्याच्या बायकोला नाही नाही ते बोलली. तपासाला पुरावा म्हणून आमच्या मॅनेजरनं काय दिलं असेल? माझी तीन कार्डं. 'दोष आढळला नाही', तीन वेळा, खाली माझी सही. मेलेल्या माणसाविरुद्ध साक्ष माझीच होती.

चौथं कार्ड माझ्या खिशात होतं. दाखवणार कोणाला? त्यावरची वेळ त्याच्या मरणानंतर दोन तासांची. दाखवलं असतं तर लोकांनी मला खोटारडा तरी म्हटलं असतं, नाहीतर वेडा. मॅनेजरला नुसतं विचारून बघितलं, पाइप कापून बघायचा का? तो म्हणाला, "कशाला खाजवून खरूज काढता?" माझी तीन रात्री झोप गेली. मला भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती.

रविवारी वर्कशॉप बंद असायचं. बेलापूरच्या एका व्यापाऱ्याची तसलीच जीप सर्व्हिसिंगला आली होती. मी त्याला फोन करून परवानगी मागितली. मागे वाळूची पोती भरली आणि एकटाच भर उन्हात करंजी घाटात गेलो. वर-खाली, वर-खाली. दोन फेऱ्या काही झालं नाही. मी स्वतःला शिव्या घातल्या, की फोरमनसाहेब, स्वप्न पडलं आणि तुम्ही वाळू भरून घाटात आलात.

तिसऱ्या उतरणीला, दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, पेडल दगड झालं. इंजिन चालू होतं. चावी चालू होती. मी पेडलवर अक्षरशः उभा राहिलो, तरी हलेना. रंगनाथला अकरा माणसं घेऊन काय वाटलं असेल, ते तेव्हा मला कळलं. माझ्याबरोबर माणसं नव्हती आणि समोरून कोणी आलं नाही, म्हणून वाचलो. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत, गाडी डोंगराला घासत थांबवली. उतरलो, बॉनेट उघडलं, हात भाजत होते तरी तो पाइप काढला आणि तिथेच रस्त्यावर बसून ब्लेडनं उभा चिरला.

आतलं अस्तर सुटलं होतं. दुधावरची साय चमच्यानं एका बाजूला गोळा व्हावी, तसं गोळा होऊन भोकावर बसलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत तो पाइप गार होत गेला आणि ते अस्तर हळूहळू परत सरळ झालं. दहा मिनिटांनी कापला असता, तर मला काहीही दिसलं नसतं. मी तिथे रडलो, हे सांगायला मला आता काही वाटत नाही.

तो पाइप मी मॅनेजरला दिला नाही, तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरकडे नेला. त्या भल्या माणसानं रंगनाथच्या जीपचा पाइप माझ्यासमोर आधी चांगला तापवला, मग कापला. अस्तर सुटलेलंच. रिपोर्ट बदलला – यांत्रिक दोष, चालकाची चूक नाही. कंपनीनं 'मोफत तपासणी'च्या नावाखाली सगळ्या जीपचे पाइप गुपचूप बदलले. मला तिथून दोन महिन्यांत निघावं लागलं, ती वेगळी कहाणी.

रिपोर्टची नक्कल घेऊन मी शेवगावला गेलो. रंगनाथचे वडील ओट्यावर होते, जय भीम केला, त्यांनी आत नेलं. त्याची बायको सुमन समोर बसली. मी म्हणालो, "वहिनी, त्याची काही चूक नव्हती. आता हे लेखी आहे." तिनं कागद घेतला, एकेका ओळीखाली बोट फिरवत स्वतः वाचला. मग मला राहवलं नाही. त्या दुपारचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, ही घाबरेल, नाहीतर मला हाकलून देईल.

तिनं विचारलं, "किती वाजता आल्ते?"

"एक वाजून दहा मिनिटांनी."

तिनं कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "घरी न्हाई आले ते. लेकराला बघायला न्हाई आले. तुमच्याकडं आले." आवाज चढलेला नव्हता. "जिते असताना तीन डाव आल्ते, साहेब. तवा ऐकलं असतं, तर मेल्यावर यायची पाळी आली नसती त्यांच्यावर."



मला पाइपाच्या आतलं ठाऊक नव्हतं, कंपनीच्या पुस्तकातही ते कुठे नव्हतं. जेवताना डुलकी लागली म्हणावं, तर कार्ड माझ्या हातचं आणि शिक्का मशीनचा. तो त्या दुपारी कसा आला, हे मला आजही सांगता येत नाही. तीन वेळा आला तेव्हा मी का ऐकलं नाही, हे मात्र सांगता येतं. सुमननं ते विचारलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि तो कागद पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतला.