पुतळाबाईचे एकशे एकवीस बोंबील

निशाला घाई फार. ही घाई आईकडून आली की बापाकडून, यावर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात दोन मतं आहेत, पण आली आहे याबद्दल कुणाला शंका नाही. शाळेत ती प्रश्न पुरता वाचायच्या आधीच उत्तर लिहायला घ्यायची. मरोळच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तर साहेबांचं अर्धं वाक्य होईस्तोवर "झालंच समजा" म्हणून ही खुर्चीतून उठलेली. काम व्हायचंही बहुतेक वेळा. उरलेल्या वेळी काय व्हायचं ते शेजारच्या टेबलावरच्या प्रबुद्धला विचारावं. भांडुपचा हा सालस मुलगा चहाचा घोट घेतल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही, आणि निशाने घाईत करून ठेवलेले घोळ निस्तरण्यात त्याची निम्मी नोकरी गेली आहे.

घरात कॉम्प्युटरपुढे बसणारी निशा पहिलीच. त्यामुळे ज्याला वायर आहे किंवा ज्यात दिवा लागतो, ते सगळं निशाला कळतं अशी कोळीवाड्याची पक्की समजूत. कुणी टीव्हीचा रिमोट घेऊन येई, कुणी विजेचं बिल, एकदा तर एका म्हातारीने बिघडलेला मिक्सरच आणून ठेवला. निशा कुणालाच नाही म्हणत नसे, कारण नाही म्हटलं की समजावत बसावं लागतं आणि तेवढा वेळ कुणाला आहे?

तर या निशाची सख्खी आत्या पुतळाबाई. मासळी बाजारात तिचा आवाज शेवटच्या ओट्यापर्यंत जातो. बाजाराची डागडुजी निघाली आणि कोळणींना काही महिन्यांसाठी मागच्या मैदानात पत्र्याच्या शेडखाली लाकडी फळ्यांच्या ओट्यांवर बसवलं, तेव्हा चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या. फाटकाजवळची कोपऱ्याची जागा, जिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी थबकतं, ती नेमकी पुतळाबाईला निघाली. तिच्या शेजारची जागा हरकूबाईला मिळाली. या दोघी लग्न झाल्यापासून शेजारी बसतात, रोज भांडतात, आणि दुपारी एकाच डब्यातलं जेवतात. कोपऱ्याची जागा पुतळाबाईला गेल्यापासून हरकूबाईला जेवण मात्र गोड लागेना.

नव्या जागेत गिऱ्हाईक कमी झालं. लोक फोनवरून मासळी मागवायला लागले म्हणून बायकांची बैठक बसली, आणि तिथे पुतळाबाई उभी राहून बोलून गेली.

"आपण पण फोनावर ऑर्डरी घेऊ. माझी भाची करील मशीन."

"आणि नाय चाललं तर?" हरकूबाईने विचारलं.

"नाय चाललं तर कोपऱ्याची जागा तुझी."

ऑर्डरी सध्या रविवारपुरत्याच घ्यायच्या असं ठरलं, आणि सगळ्या बायकांच्या साक्षीने दोन रविवारांची मुदत पडली. निशा तिथे नव्हती. तिला ही बातमी रात्री जेवताना, भाताचा घास तोंडात असताना कळली. ती म्हणाली, "झालंच समज आते."

आत्याची एकच अट होती. गिऱ्हाइकाने जेवढे नग मागितले असतील, त्याच्यावर एक जास्तीचा गेला पाहिजे. पुतळाबाईच्या पाटीतून आजवर कुणी मोजून बोंबील नेला नव्हता. डझन मागणाऱ्याच्या पिशवीत तेरावा पडायचाच, आणि पडताना ती तोंड दुसरीकडे फिरवायची, जणू तो आपणहून उडी मारून गेला. "मशीन आलं म्हणून मी काय कद्रू झाले काय?" ती म्हणाली. निशाने मान डोलावली आणि प्रत्येक ऑर्डरीत एक मिळवणारी ओळ लिहून टाकली.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरायचं कारण नाही. गिऱ्हाईक फोनवर जे लिहितं ते पुतळाबाईच्या फोनवर पोचवायचं, तर त्याची एक पुडी बांधावी लागते. त्या पुडीला जेसन म्हणतात. मजकूर असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा आणि आकडा असेल तर तो मोकळाच सोडायचा, एवढी तिची शिस्त. पुडी बांधून देणारी तयार सोय असते, एक ओळ लिहिली की झालं. प्रबुद्धने तसं सांगितलंही होतं. पण ती सोय शोधायची कुठे, वाचायची कधी? निशाने तुकडे जोडून जोडून पुडी हातानेच बांधली.

पहिल्या रविवारी सकाळी यादी झकास चालली होती. बायका पुतळाबाईच्या फोनाभोवती माना घालून उभ्या होत्या. हरकूबाई लांबूनच कोयत्याला धार लावत होती. तेवढ्यात सात बंगला भागातल्या अनुपमाताईंची ऑर्डर आली.

अनुपमाताई बँकेतून रिटायर झालेल्या. घरात त्या आणि एक मांजर. टोमणा मारायचा असला की तो शब्द अवतरणचिन्हांत घालायची त्यांना जुनी सवय. ऑर्डरीखाली त्यांनी सूचना लिहिली होती: मागच्या वेळचे तुमचे "ताजे" बोंबील माझ्या मांजरानेसुद्धा हुंगून सोडले.

झालं. मजकूर संपला की अवतरणचिन्ह येणार, एवढंच यंत्राला ठाऊक. त्याला वाटलं, सूचना "तुमचे" या शब्दापाशीच संपली. पुढे आलेल्या "ताजे"चं काय करायचं ते त्याला कळेना, आणि एक पुडी फुटली म्हणून त्याने अख्खी यादीच टाकून दिली. पुतळाबाईच्या फोनवर नुसता पांढरा पडदा उरला. बायका हळूहळू पांगल्या. हरकूबाईने कोपऱ्याच्या जागेची लांबी नजरेने मापून पाहिली. आत्याने एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून तो दिवस कसाबसा निभावला.

निशा तिथेच उपड्या क्रेटवर लॅपटॉप घेऊन बसली. उपाय साधा होता. मजकुरात कुठे अवतरणचिन्ह आलं, तर त्याच्या अगोदर एक उलटी तिरपी रेघ मारायची, म्हणजे यंत्राला समजतं की हे चिन्ह मजकुरातलंच आहे, पुडी अजून संपलेली नाही. हे तिने केलं, आणि नीट केलं. पण घाईत तिने कुणाशी भेदभाव केला नाही. नाव, पत्ता, सूचना, मासळीचे नग, जे हाताला लागलं ते सगळं तिने अवतरणचिन्हांत कोंबलं.

प्रबुद्धचा फोन आला. "टेस्ट केलंस ना?"

"हो रे बाबा."

केलंच होतं तिने. अनुपमाताईंचा टोमणा पुन्हा पाठवून पाहिला आणि तो आपल्या सगळ्या चिन्हांसकट अगदी डौलात आला. निशाला एवढा आनंद झाला की शेजारी नगांचा आकडा काय दाखवतोय हे तिने पाहिलंच नाही.

दुसऱ्या रविवारी ती बाजारात पोचली तेव्हा उन्हं वर आली होती. कोपऱ्यात पुतळाबाई बसली होती की मासळीनेच तिला बसवून घेतलं होतं, ते सांगणं कठीण. पुढ्यात बोंबलांचा ढीग, डावीकडे बांगड्यांचा, मागे बर्फाच्या खोक्यांची भिंत. आत्याचा चेहरा असा फुललेला निशाने तिच्या मुलाच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"ये गो पोरी ये. काय मशीन केलंस! काल रात्री यादी आली नि मला झोप नाय. पहाटे बंदरावर गेले, अनंताच्या बोटीचा अख्खा माल उचलला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाय."

"अख्खा कशाला?"

"कशाला म्हणजे? अनुपमाबाईंच्या घरी कार्य दिसतंय काहीतरी. एकशे एकवीस बोंबील."

"अनुपमाताईंच्या?" निशा म्हणाली. "आते, त्या आणि मांजर, दोघंच असतात."

"भाचीबिचीचा साखरपुडा असंल. आणि यारी रोडचा तो शौनक, एकटाच राहतो तो, त्याचे एकसष्ट बांगडे. जिमला जातो ना. हल्लीची पोरं खातात."

निशाने आत्याचा फोन हातात घेऊन यादी पाहिली. बारा आणि वर एक. सहा आणि वर एक. तेरा आणि सात व्हायचे ते एकशे एकवीस आणि एकसष्ट झाले होते. आकड्याला अवतरणचिन्हांत बसवलं की यंत्राच्या लेखी तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि मजकुरांची बेरीज होत नाही, ते नुसते एकमेकांना चिकटतात. बाराच्या अंगाला एक चिकटला होता, आणि आत्याने त्यासाठी बंदर रिकामं केलं होतं.

तिने शेडच्या मागे जाऊन प्रबुद्धला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एक घोट घेतल्याचा आवाज आला.

"आकड्यांभोवतीची चिन्हं काढ. आत्याच्या फोनवर बेरीज करायच्या आधी हातात आलाय तो आकडाच आहे ना, हे तपास. आणि यार, या वेळी तरी तयार फंक्शन वापर."

या वेळी तिने वापरलं. हाताने बांधलेल्या सगळ्या पुड्या पुसून टाकल्या, तिथे एकच ओळ आली, आणि बेरजेच्या आधी तपासणी बसवली. मग एक ऑर्डर पाठवून नावापासून आकड्यापर्यंत सगळं वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखादी गोष्ट दोनदा वाचली असेल. काम फत्ते झालं होतं, फक्त मासळी परत समुद्रात जाणार नव्हती.

आत्याच्या फोनवर यादी बदलली. पुतळाबाईने डोळे बारीक करून पाहिलं. "हे काय? तेरा?"

निशाने तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बोंबलांकडे पाहत राहिली. बोंबील म्हणजे नाजूक प्रकरण, दुपार झाली की पाणी सोडायला लागतो.

"जागा जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांसमोर बोलले होते गो मी."

निशाला इतकी लाज वाटली की तिला तिथून पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात शेजारून हरकूबाई उठली आणि समोर येऊन उभी राहिली.

"पुतळे, बोंबील आहेत काय जास्तीचे? माझे संपले, नि गिऱ्हाईक उभं आहे."

बाजारात ही उसनवारी चालते. एकीची मासळी संपली तर दुसरीच्या पाटीतून उचलायची, मागाहून फेड करायची. पुतळाबाईच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ आवाजही आला. "घे. तुझं नेहमीचंच. अंदाज म्हणून कधी आलाच नाय तुला."

हरकूबाईने पाटी भरभरून बोंबील नेले. मग पलीकडची एक आली, तिचे बांगडे संपले होते. मग आणखी दोघी आल्या. प्रत्येकीला पुतळाबाईने चार शब्द सुनावले आणि पाटी भरून दिली. घरपोच ऑर्डरी गेल्या, अनुपमाताईंचे तेरा गेले, शौनकचे सात गेले, आणि जेवणवेळेपर्यंत ढिगाच्या जागी ओला ओटा उरला. आत्या पदराने तोंड पुसत शेडभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "चाललं ना मशीन?"

"चाललं, चाललं," चारी बाजूंनी आवाज आले. कुणी हसलं नाही.

मासळीबरोबर गेलेल्या आत्याच्या पाट्या गोळा करायला निशा निघाली. हरकूबाई फाटकापाशी कुणाला तरी सुटे द्यायला गेली होती. तिच्या ओट्याखाली रिकामी पाटी असेल म्हणून निशाने ओलं पोतं उचललं. खाली टब होता. टबात बर्फ, आणि बर्फात काठोकाठ बोंबील. अनंताच्या बोटीचे नव्हते, ते अंमळ मोठे होते. हे पहाटे हरकूबाईने स्वतः आणलेले, आणि सकाळपासून त्यातल्या एकालाही हात लागलेला नव्हता. निशाने पलीकडच्या ओट्याखाली वाकून पाहिलं. तिथेही पोत्याखाली बांगडे होते.

तिच्या मनगटावर चापट बसली. हरकूबाई परत आली होती.

"मावशी, तुमचे तर..."

"गप. आम्ही काय खुळ्या आहोत? बारा बोंबलांना अर्धा तास घासाघीस करणारी ती अनुपमा, ती एकशे एकवीस नेईल? सकाळी ढीग बघितला तेव्हाच कळलं सगळ्यांना."

"मग हे तुमचे?"

"सुकत घालीन बांबूवर. थंडीचे दिवस आहेत, चांगले सुकतील. मी घातले तर कोण विचारतो? पुतळीने एवढे घातले असते तर अख्ख्या कोळीवाड्याला कळलं असतं."

निशाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. "पण तुम्हाला तर ती जागा हवी होती ना. आज नुसतं बोलला असतात तरी मिळाली असती."

"हवी तर आहेच." हरकूबाईने पोतं तिच्या हातातून काढून टबावर पुन्हा नीट पसरलं. "पण मी ती पुतळीशी भांडून घेईन. तुझ्या चुकीने नाय. आणि आत्याला यातलं बोलू नको हां. तिला कळलं तर आत्ताच्या आत्ता उठून जागा देईल मला, नि लाजेने वर्षभर माझ्याशी भांडणार नाय. दिवसभर मग मी काय करू इथे बसून?"

कोपऱ्यातून पुतळाबाईने हाक मारली, कुणाच्या तरी बर्फाचं पाणी वाहून तिच्या पायाखाली आलंय, ही काय पद्धत झाली. हरकूबाईने पदर खोचला, घसा साफ केला आणि ती उत्तर द्यायला निघाली.