अप्पांची हालचाल

निलंगा तालुक्यात खुर्चीवरून न हलता सगळ्यात जास्त फिरलेला माणूस म्हणजे आमचे अप्पा, यावर मी पैज लावायला तयार आहे. कचेरीत ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात बटणांचा फोन आणि समोर कचेरीचा संगणक. त्यावर अप्पा सरकारी कामाइतक्याच निष्ठेनं घरची कामं करत. आता कचेरीच्या इंटरनेटवर स्वतःचे उद्योग कोण करत नाही? मी स्वतः भिंतीला पाठ लावून अख्खे क्रिकेटचे सामने पाहिले आहेत. फरक एवढाच, की आम्ही चोरून करायचो आणि अप्पा लिहून करायचे.

त्याचं असं, की आमच्याकडे हालचाल रजिस्टर असतं. बाहेर जाणाऱ्यानं कुठं गेलो, कधी गेलो, कधी परतलो ते त्यात लिहायचं. आम्ही चहाला निघालो की 'पाहणीसाठी' लिहायचो. अप्पांचं म्हणणं, मन बाहेर गेलं म्हणजे माणूस बाहेर गेला. म्हणून त्यांच्या नोंदी अशा: '११.१० ते ११.२५, माहूर, देवीदर्शन.' '१.०५ ते १.२०, उदगीर, भाच्यासाठी मुलगी पाहणे.' एकदा ते सहस्रकुंडचा धबधबा बघत असताना वीज गेली, तर परतीच्या रकान्यात त्यांनी 'वाटेत अडकलो' असं लिहिलं. मी चिडवलं की म्हणायचे, "हसा की! पर मी कुठं हाय ते शिपायालाबी ठाऊक असतंय. तुमचा पत्ता हाय का कुणाला?"

रोजची एक नोंद मात्र ठरलेली: '४.०० ते ४.१०, बेंगळुरू, नातीकडे.' लेक तिकडे नोकरीला, तिला चारलाच सवड मिळे. तीन वर्षांची नात पडद्यावरून "अज्जा!" म्हणून ओरडली, की अप्पा म्हैस होऊन हंबरायचे. कुणी कामासाठी खोळंबलेला असला तर त्याची आणि नातीची ओळख करून द्यायचे.

मग नवे साहेब आले आणि इंटरनेटच्या खाजगी वापराची चौकशी लागली. सगळी कचेरी साळसूद! लेखी पुरावा काय तो एकट्या अप्पांचा. निवृत्तीला चार महिने उरलेले आणि हातात नोटीस.

"हे लिहून कशाला ठेवलंत?" साहेबांनी विचारलं.

"अंग हितं हुतं साहेब, पर मी न्हवतो की. खोटं कसं लिवू?"

साहेबांनी नोटीस मागं घेतली, पण अप्पांच्या संगणकाचं इंटरनेट बंद केलं. आम्ही सगळ्यांनी खाली माना घालून फायली उघडल्या. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला अप्पांनी सवयीनं रजिस्टर ओढलं. मी डोकावून पाहिलं. '४.०० ते ४.१०, जागेवरच.'

मला स्वतःची लाज वाटली. मी माझा फोन त्यांच्यापुढं सरकवला. पुढचे चार महिने नात माझ्या फोनवर आली. अप्पा नोंद करतच राहिले आणि समासात 'फोन यांचा' म्हणून माझं नावही घालू लागले. अशा रीतीनं मीही एकदाचा कागदावर आलो. साहेबांनी रोज ते पान पाहिलं आणि मुकाट्यानं सही केली.

आता अप्पा नातीकडेच राहतात. त्यांच्याशिवाय मला कचेरीत करमत नाही. परवा चारला त्यांना फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "आधी लिवलं का?"

मी उठलो, रजिस्टर काढलं आणि नोकरीतली पहिली खरी नोंद केली: '४.००, अप्पांकडे.' परतीचा रकाना मात्र भरायचा राहून गेला.