एकोणतीस लाईनी कुठे गेल्या?

हे माझ्याच एका पत्रकाचं नाव. बल्लारपुरात छापून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव वाटलं. त्यातला राग खरा होता. बाकी जवळपास सगळं चुकीचं होतं.

रागाचं कारण सांगतो. वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा मोहर्लीकडच्या तिच्या माहेराहून आम्ही आमच्या भागातल्या मोठ्या दवाखान्याला फोन लावत होतो. पूर्वी तो नंबर कायम बिझी लागायचा. आता रिंग जायची, जातच राहायची, उचलत कुणी नव्हतं. शेवटी न कळवताच जीप काढली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण पलंग मिळेपर्यंत वहिनी व्हरांड्यातल्या बाकावर कळा सोसत बसली होती. ते मी सोडणार नव्हतो.

माहितीच्या अधिकारात कागद मागवले. त्यात लिहिलं होतं: टेलिफोन बोर्डासाठी डिजिटल लाईन, तीस चॅनेल, जोडणी पूर्ण. मी इमारतीला चक्कर मारली. खांबावरून एकच काळी केबल आत जात होती. एक! फोटो काढला आणि पत्रक लिहून मोकळा झालो. शेवटी एक वाक्य टाकलं, की बोर्डावरच्या ऑपरेटर बाई रिसीव्हर काढून ठेवून गप्पा हाणतात. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. परिच्छेदाला जोर हवा होता.

लाईनींबद्दल दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी अवाक्षर काढलं नाही. बाईंना मात्र नोटीस दिली: आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर कंत्राट रद्द. मला हे बाईंकडूनच कळलं. पत्रकाखाली माझा नंबर होता.

"तूच का तो पत्रकवाला? ये इथी. माह्या गप्पा ऐकून जाय."

मी भांडायच्या तयारीनं गेलो. एवढीशी खोली, पंखा, दोन खुर्च्या, त्यातली एक रिकामी. बाई पन्नाशीच्या, कानाला हेडफोन. एकाशी गोंडीत, दुसऱ्याशी सिरोंच्याकडच्या तेलुगूत, मग कुणा घाबरलेल्या म्हाताऱ्याला "बाप्पा, सावकाश सांगा, मी आहे ना" असं चाललेलं. मी "जय भीम, बाई" म्हणालो, त्यांनी हातानंच बसवलं. अर्धा तास मला एक शब्द बोलायची सवड मिळाली नाही. मग मशीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिरवे दिवे मोज."

"अकरा."

"अकरा लोकं आहेत. कोणी डॉक्टरशी बोलून राह्यले, कोणी माही वाट पाहून राह्यले. सारे तुह्या त्या एका केबलीतून."

"एका केबलीतून अकरा कसे?"

"बल्लारपूरचा ना तू? कोळशाची मालगाडी पाहिली का नाई? रूळ एकच, डबे किती? बोलण्याचे बारीक बारीक तुकडे होते. ज्याचा तुकडा त्याच्या डब्यात. तीस डबे बोलण्याचे. एक इंजिन, साऱ्यायले तालात ठेवाले. अन् एक गार्डाचा डबा, कोणाचा कॉल कुठी जाते ते सांगाले. अशा हजारो गाड्या सेकंदात पळते, म्हणून तुकडे कोणाले ऐकू येत नाई."

मी ते दिवे पुन्हा एकदा मोजले.

"पहिले दोन लाईनी होत्या, तिसऱ्याले बिझी लागे. आता तीस रिंगा एका वेळी येते. उचलाले मी एकटी. तुह्या वहिनीची रिंग इथपर्यंत आली असन रे. माह्या हातापर्यंत नाई आली."

ड्रॉवरमधून त्यांनी तीन अर्ज काढले. तिन्ही दुसरी ऑपरेटर मागणारे, तिन्हींवर पोच. आवाज एकदाही चढला नाही. मला कुणी इतकं शांतपणे, इतकं नीट काही समजावलं नव्हतं, तेही मी त्यांच्या पोटावर पाय दिल्यानंतर. त्या अर्ध्या तासाचं ऋण माझ्यावर आहे.

दुरुस्तीचं पत्रक तिथंच लिहिलं. दोन कॉलच्या मधे त्यांनी ते तपासलं.

"'निर्लज्ज' कोणाले म्हटलं?"

"मला."

"काट. हे तुहं कौतुक होऊन राह्यलं."

खुलाशाच्या दिवशी मी त्यांच्यासोबत साहेबांपुढे उभा राहिलो. मजकूर माझा, आरोप खोटा, हे बाईंचे तीन अर्ज, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग तुमच्यावर बदनामीची केस करू?"

मी उत्तर देण्याआधी बाई बोलल्या, "करा साहेब. पण पहिले मले बदली माणूस द्या. साक्षीले कोर्टात जा लागन."

साहेबांना हसू आवरलं नाही. नोटीस मागं घेतल्याचा कागद तिथंच टाईप झाला. दुसऱ्या ऑपरेटरचं 'बघू' म्हणाले. ते 'बघू' मी अजून सोडलेलं नाही, दर सोमवारी जातो.

व्हरांड्यात बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि चालू पडल्या. मी मागून म्हणालो, "बाई, चहा तरी घ्या."

"तू पी. बोर्डावर शिपायाले बसवून आली. तो साऱ्यायले मेसमधी जोडून देत असन."