बोटाला लावलेलं मशीन

गावात मला सगळे शिस्टर म्हणतात. माझी थोरली जाऊसुद्धा चारचौघांत मुद्दाम तसंच म्हणायची आणि वर हसायची. मी तिला अक्का म्हणायचे. जळकोट तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेविका आहे, आणि सासरही त्याच गावात.

कोरोनाच्या आधी दर बुधवारी मिशरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायका माझ्याकडे यायच्या. टॉर्च लावायचा, ओठ उलटून बघायचे, गालाच्या आतून बोट फिरवायचं, जिभेखाली बघायचं. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली की मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. बायका लाजायच्या आणि मी खेकसायचे, "मिशरी लावताना लाज वाटत न्हाई, दाखवताना वाटती व्हय?" मला गोड बोलायला जमत नाही.

मग ते दिवस आले. तोंडाला हात लावायचा नाही, मास्क काढायला लावायचा नाही, दारातूनच विचारायचं. पण फॉर्मवरचा तोंडाच्या तपासणीचा रकाना काही कुणी काढला नाही. तो रिकामा दिसला की वरून फोन यायचा. म्हणून मी दारातूनच ओरडायचे, "तोंडात जखम हाय का?" आतून "न्हाई" आलं की लिहायचे, नॉर्मल. पुढं पुढं विचारणंही सुटलं.

ऑक्सिजन मोजायच्या मशीनला मात्र लोक भ्यायचे. आकडा कमी आला की गाडीत घालून नेतात आणि माणूस परत येत नाही, अशी हवा होती. बायका बोट पुढं करायच्या नाहीत. मग मीच एक युक्ती काढली होती. "भिऊ नका, ह्यात आतलं समदं कळतंय. आकडा चांगला आला की कायबी झालेलं न्हाई समजा." धडधडीत खोटं होतं, पण बोटं भराभर पुढं यायला लागली. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

अक्काचं तपासणीचं कार्ड मी घरच्या ओसरीवर भरलं. दिवसातलं शेवटचं. ती चुलीपासून उठून आली, पदर तोंडावर धरून, आणि बोट पुढं केलं. अठ्ठ्याण्णव.

"आतलं समदं चांगलं हाय का गं शिस्टर?"

"हाव, चांगलं हाय."

नॉर्मल लिहिलं, सही केली, कार्ड तिच्या हातात दिलं. ती वीस वर्षं मिशरी लावत होती, हे मला माहीत होतं. टॉर्च पिशवीतच होता. मी दमले होते, आणि घरचंच माणूस होतं.

त्या काळात मी ओसरीवर वेगळी जेवायचे. अक्का लांबून ताट सरकवायची आणि उंबऱ्याच्या आत बसून स्वतः जेवायची. तिचा ठेचा सुटला. मग भाकरी ताकात कुस्करायला लागली. हे सगळं मी समोर बसून बघत होते. "अक्का, दात पडले का तुमचे?" म्हणून चिडवलंही. ती पदराआडून हसली. नेमकं हेच ओळखायचं शिक्षण मला सरकारनं दिलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळीच्या फराळाला तिनं लाडूचा कण तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मी तिचा पदर ओढला, टॉर्च लावला. तोंड दोन बोटंही उघडेना. डाव्या गालाच्या आत मोठी जखम, कडा दगडासारख्या कडक.

"कधीपासून हाय हे?"

"पेरणीच्या आधीपासून."

"मग सांगायचं न्हाई का मला?" मी किंचाळलेच.

तिनं पत्र्याच्या डब्यातून कार्ड काढून आणलं. "तूच मशीन लावून बघितलंस की. चांगलं हाय म्हणालीस. म्हटलं, उष्णता आसंल."

मी कार्ड उलटून बघितलं. नॉर्मल, आणि खाली माझीच सही.

लातूरला नेलं. अर्धी इमारत कोरोनाला दिलेली. आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा, मग तुकडा काढून तपासू. तपासल्यावर कॅन्सर निघाला, पण ऑपरेशनला तारीख मिळेना. नांदेडला नेलं, तिथंही तेच. मी ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना फोन केले. एका डॉक्टरांचे भर व्हरांड्यात पाय धरले. त्यांनी तरी काय करावं, त्यांचे डोळे झोपेनं सुजले होते. तोवर गळ्याला गाठ आली.

पुन्हा लातूरला दाखल केलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरी न्या, खायला घालता येईल ते घाला. मी आत आले. खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच आले होते. मी तुमचं तोंड बघितलंच नव्हतं, त्या मशीनमध्ये तोंडातलं काही कळत नाही, हे सगळं.

वॉर्डातली सिस्टर त्याच वेळी अक्काच्या बोटाला मशीन लावत होती. अक्कानं मान वळवून आकडा बघितला आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. बोलणं फार अवघड झालं होतं तिला.

"अठ्ठ्याण्णव हाय," ती म्हणाली. "बघ. आतलं चांगलं हाय."

मी हाव म्हणाले.